चौदा हरकती, अकरा मिनिटं

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

लातूर. ३.४० ला शेवटची सही केली. स्टँडवर बसून लिहिते आहे, नांदेडची गाडी ४.१० ची.

चौदा हरकती, अकरा मिनिटांत निकालात. निवृत्त झाले तरी हात चालतो.

गिरीश माझ्या वर्गात होता तेव्हा त्याला बेडकाचं हृदय डावीकडे की उजवीकडे कळत नव्हतं. आता त्याच्या क्लासला चार मजले आणि लिफ्ट. दर रविवारी मेडिकलच्या परीक्षेचा सराव-पेपर, सोमवारी उत्तरं बोर्डावर, मंगळवारी पोरांच्या हरकती माझ्या टेबलावर. जीवशास्त्रात शेवटचा शब्द माझा. एका पोरानं लिहिलं होतं, ‘घाईत गोल चुकला, मनात बरोबर होते.’ मनाला गुण देण्याची सोय नाही, असं लिहून परत.

एका मुलीनं दोन पानं भरून हरकत लिहिलेली. बारीक अक्षर, आकृत्या, बाण. प्रश्न ६७. विधान: ‘नक्कल पूर्ण झाल्यावर नव्या डीएनएमध्ये आरएनएचा एकही घटक उरत नाही.’ उत्तर: बरोबर. माझीच ओळ, माझ्या नोट्समधली, वीस वर्षं पोरं घोकतात. ही म्हणते चूक. पहिलं वाक्य वाचलं, पानं मोजली, घड्याळ बघितलं. आडवं लिहिलं: ‘विषयाबाहेर. डोकं कमी चालवा, वाचन वाढवा.’ सही.

गिरीश हसला. “मॅडम, जीभ अजून तशीच हाय तुमची.”

खिडकीची जागा मिळाली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी इक्बालभाई आले. वीस वर्षं माझ्या नोट्सची बांधणी त्यांच्याकडे. जुन्या नांदेडात दुकान, आधी वडिलांचं, आता त्यांचं. नवीन गठ्ठा टेबलावर ठेवला, वरच्या प्रतीवरून तळहात फिरवला, नेहमीसारखा.

“बाई, काम पुरं झालं. नजर टाकून घ्या.”

“बसा. चहा टाकते.”

“न्हाई, आज न्हाई.”

या माणसानं माझ्याकडचा चहा कधी नाकारलेला नाही. रोज्यांत सुद्धा म्हणायचे, “उधार ठेवा, ईदनंतर पितो.” विचारलं, काय झालं.

“लेकीला परत आणून राहिलो लातूरहून. पुढच्या शनिवारी, बावीसला.”

अर्शिया. त्यांची धाकटी. लातूरला कुठल्यातरी क्लासला आहे एवढं माहीत होतं. कुठल्या, ते मी कधी विचारलं नाही. गिरीशच्याच. पहिल्या बॅचला. तिथं पहिल्या चाळीस मुलींनाच क्लासचं हॉस्टेल. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारच्या पेपरवर नंबर हलतात. ही छत्तीसावरून एक्केचाळीसावर आली. एक्केचाळीस म्हणजे खाट सोडा, बाहेर खोली बघा.

“परक्या गावात एकटी पोर खोलीवर कशी ठिवू? तिची अम्मी तयार न्हाई. म्हटलं, पुढच्या साली बघू.”

मग खिशातून घडी केलेला कागद काढला. लेकीनं फोटो पाठवलेला, यांनी दुकानात छापून घेतलेला. दोन पानं. बारीक अक्षर. त्यावर आडवं माझं अक्षर.

“काय लिहिलंय ते मला समजत न्हाई बाई. सही समजते. वीस साल बघून राहिलो.”

मी माझीच सही दोनदा बघितली.

“मला वाटलं, बाईंनी न्हाई म्हटलं म्हंजे पोरीचंच चुकलं आसंल. फोनवर रागावलो तिला. म्हटलं, बाईंच्या वर शहाणी झालीस का.”

“इक्बालभाई, ठेवा तो कागद. वाचते मी.”

“आता?” ते म्हणाले. टोमणा नव्हता. मला टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

दुपार. दोन पानं वाचली. निम्मी कळली. पहिल्यांदा रागच आला, कोण शिकवतं या पोरांना असलं काही! दुसऱ्यांदा वाचताना राग उरला नाही. आकृती क्र. २ मध्ये ती म्हणते की आरएनएचा घटक डीएनएत चुकून बसतो, बहुतेकदा काढला जातो, पण तोच घटक खराब झालेला असेल तर काढणाऱ्याला तो ओळखूच येत नाही.

हे मी कुठंतरी वाचलंय. नाही. वाचायला दिलेलं होतं, मी वाचलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सापडलं. कपाटात, फराळाच्या रिकाम्या डब्यांखाली. वैशालीचं पाकीट.

वैशाली किनवटकडची. आश्रमशाळेच्या वसतिगृहातून आमच्या कॉलेजात आली होती, आता हैदराबादला प्रयोगशाळेत संशोधन करते. बाईंना पडद्यावर वाचायला आवडत नाही म्हणून दिवाळीत छापून पाठवलं होतं, वर चिठ्ठी: ‘बाई, माझं काम. तुम्हाला आवडेल.’ मी फोनवर कळवलं होतं: छान. फराळ खाल्लास का?

पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

आज फोडलं. शब्दकोश घेऊन बसले. अकरा वाजता तिला फोन केला. ती एवढी आनंदली की मला कसंसंच झालं.

तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत उतरवते, म्हणजे मला कळलं की नाही ते कळेल. पेशीत डीएनएच्या विटांपेक्षा आरएनएच्या विटा कितीतरी जास्त. दोन्ही जवळपास सारख्याच, फरक एका ऑक्सिजनचा. नक्कल करणाऱ्या गवंड्याचा हात चुकतो आणि चुकीची वीट बसते. थोडीथोडकी नाही, पुष्कळ. त्या जादा ऑक्सिजनमुळे तिथं धागा तुटायची भीती. म्हणून एक एन्झाइम पाळतीवर असतं. ते चुकीची वीट ओळखतं, चीर पाडतं, वीट निघते, जागा भरली जाते. इथपर्यंत ठीक.

“पण बाई, वीट चुकीची आणि वर फुटकी पण असेल तर?” म्हणाली. “मग हे एन्झाइम अडतं. फुटक्या विटा काढणारं दुसरं पथक आहे, पण त्याला सवय डीएनएच्या विटांची. तेही अडतं. आपल्या पेन्शनच्या कागदासारखं होतं बघा, हे खातं म्हणतं त्यांच्याकडे जा, ते म्हणतं यांच्याकडे.”

“तुला कुठली आली पेन्शन!”

“तुमचीच ऐकली होती ना, दोन वर्षं.”

ती वीट तशीच राहिली तर पुढच्या नकलेत गवंडी तिथं थबकतो, नाहीतर समोर भलतंच अक्षर बसवून पुढं जातो. परीक्षानळीत एक तिसरंच एन्झाइम अशी फुटकी वीट काढताना दिसलंय. जिवंत पेशीत किती, कसं, ते अजून नीट माहीत नाही. “सगळं कळलेलं नाही बाई,” असं ती तीनदा म्हणाली. मी चाळीस वर्षांत वर्गात एकदाही म्हणाले नसेन.

तिला सगळं सांगितलं. सहीसकट. तिनं मुलीचं नाव विचारलं. मग म्हणाली, “त्या मुलीला माझा नंबर द्याल?”

तुम्ही असं कसं केलंत, असं विचारलं नाही. विद्यार्थी मोठे झाले की आपल्याला जपायला लागतात. हे फार वाईट.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हॉस्टेलच्या मुलींना फोन फक्त निकालाच्या संध्याकाळी घरी करायला, नाहीतर शनिवारी चार ते पाच. चार वाजून एक मिनिटाला लावला.

“मी देशपांडे मॅडम.”

“हां मॅडम.” एवढंच.

म्हटलं, अर्शिया, तुझं उत्तर बरोबर होतं. म्हटलं, माझी चूक झाली. वाक्य पाठ करून ठेवलं होतं, तरी अडखळले.

“मॅडम, तुम्ही वाचलंच नव्हतं ना?”

“नाही.”

“मला वाटलंच. तुम्ही वाचून नाही म्हटलं असतं तर खाली कारण दिलं असतं.”

मग मी उपदेश केला. केल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, खऱ्या परीक्षेत मात्र एवढ्या खोलात जाऊ नकोस बाळा, तिथं मशीन तपासतं.

“माहीत हाय मॅडम. तिथं मी पुस्तकातलं लिहीन. पण हा पेपर तुमचा होता. तुम्ही वाचाल वाटलं.”

पुढं काय बोललो आठवत नाही. वैशालीचा नंबर दिला. तिनं दोनदा म्हणून दाखवून घेतला. कुठून वाचलंस एवढं, विचारलं तर म्हणाली, अब्बूंच्या दुकानात कॉलेजांची जुनी मासिकं बांधायला येतात, शिवायच्या आधी ती वाचून काढते. एकदा एकात काहीतरी सापडलं, मग वाचनालयात बसून पुढचं शोधलं.

वाचन वाढवा म्हणे!

सोमवार, १७ नोव्हेंबर

सरकारी पुस्तक काढलं. नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती, त्याच्याही आधीची. तिन्हींत एवढंच की नक्कल सुरू करून देणारे आरएनएचे तुकडे नंतर काढले जातात. बस्स. ‘एकही उरत नाही’ कुठंच नाही.

‘एकही’ माझं आहे.

आठवतं सुद्धा. पहिल्या नोट्स लिहीत होते. ‘तुकडे काढले जातात’ पोरांच्या तोंडात बसत नव्हतं, ओळ लंगडी वाटायची. मी ती ठोकून ठाकून केली. एकही उरत नाही! टाळीची ओळ. लातूर काय, हदगावच्या मुलांनीसुद्धा त्या ओळीवर गुण घेतले असतील. वीस वर्षं कुणी विचारलं नाही आणि मी त्याला माझं यश समजले.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टरचा नियम होता. चूक झाली की कागदावर लिहायची, वर्गापुढे उभं राहून स्वतः वाचायची. रडायचं नाही. मी तिला मनातल्या मनात चेटकीण म्हणायचे. पण ती स्वतःची चूकही वाचायची. एकदा बेरीज चुकली होती तिची, वाचली होती उभं राहून. हे मी विसरले होते की सोयीनं...

उद्या लातूर.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

परतीच्या गाडीत. अक्षर हलतंय.

गिरीशच्या केबिनमध्ये आधी. सगळं समोर ठेवलं. तो शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, “मॅडम, पण सही तुमचीच हाय.”

“म्हणून तर आलेय.”

“रिझल्ट लागला. पालकांना मेसेज गेले. नोट्सवर तुमचं नाव हाय, फोटो हाय. आता मीच म्हणू का, आमच्या मॅडम चुकल्या?”

“म्हण की. मी म्हणतेय, तुला काय धाड भरली?”

मग त्यानं संगणकावर नंबर फिरवून दाखवले. उत्तर बदललं तर अर्शिया एकतिसावी. आणि चाळिसावर आत आलेली मुलगी एक्केचाळीस. रेणापूरची, शीतल. शनिवारी संध्याकाळी पाचनंतर अर्शियाची खाट तिला मिळायची आहे. तिचे वडील ट्रंक घेऊन येणार आहेत.

“आता सांगा मॅडम. कुणाला काढू?”

मी म्हटलं, एक खाट वाढव. म्हणाला, आज एक वाढवली तर उद्या दहा पालक दारात. म्हटलं, दहांच्या हरकती मी न वाचता फेटाळल्या असतील तर दहा वाढव. तो हसला. गोड हसतो. “पुढच्या महिन्याच्या पेपरला येईल की ती वर, हुशार हाय.” तोवर ती नांदेडला गेलेली असेल. आणि एकदा घरी नेलेली मुलगी पुढच्या साली परत लातूरला येते का? किती बघितल्या मी, पुढच्या सालच्या.

त्याला न विचारता वर्गात गेले. पहिली बॅच. मुलं उठली. म्हटलं बसा, आज मी उभी राहणार. कागद काढला आणि वाचला. पान ४१, खालून तिसरी ओळ चुकीची आहे. ती चूक माझी. एका मुलीनं दाखवली, मी तिचा कागद वाचला नाही आणि वर तिचा अपमान केला. ओळ खोडा.

कुणी खोडेना. मागच्या बाकावरून एक पोरगा, “मॅडम, मग परीक्षेत काय लिव्हायचं?”

“पुस्तकात आहे तेवढंच. माझी भर सोडून.”

“मग मॅडम, तुमच्या बाकीच्या ओळी?”

हसू पिकलं. त्याला हसवायचं नव्हतं, खरंच विचारत होता. नोट्सची दोनशे बारा पानं आहेत.

अर्शिया खिडकीजवळ. तिनं तेवढी एक ओळ पट्टीनं नीट खोडली. वर बघितलं नाही.

जिन्यात एक मुलगी मागून आली. बारकी, दोन वेण्या.

“म्याडम, मी शीतल. रेणापूरची.”

मला वाटलं, रडेल. खाट जाईल म्हणून. ती म्हणाली, “सदुसष्टला मला बी डाऊट आला व्हता. अर्शियानंच दाखिवलं व्हतं मला ते, मासिकातलं. मला पटलं बी व्हतं. पण तुमची ओळ आठवली आन् बरोबरवर गोल केला. माझा नंबर तसा आलाय.”

“मग त्यात तुझं काय चुकलं?”

“तेच तर इचारायलेय. माझं काय चुकलं का न्हाई ते.”

पाया पडली आणि गेली. मी जिन्यातच उभी. दोघींना खरं माहीत होतं. जिनं ते लिहिलं ती बाहेर, जिनं माझ्यासाठी गिळलं ती आत. एका सहीत दोघी...

या गाडीला खिडक्या आहेत की नाहीत ते बघितलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

गिरीशचा फोन, तीनदा. “मॅडम, वर्गात असं करायला नको होतं. पोरं आता सगळ्याच ओळींवर शंका काढून राहिलीत.” म्हटलं, अभिनंदन, तुझ्या क्लासमध्ये पहिल्यांदा अभ्यास सुरू झाला. हरकतीचं काय? “बघू मॅडम. करू काहीतरी. तुम्ही टेन्शन घेऊ नका.” काहीतरी म्हणजे काय? गोल गोल. अर्ध्या तासानं फोन ठेवला तेव्हा मीच त्याला ‘बरं’ म्हणाले होते. मी! बरं!

संध्याकाळी इक्बालभाईंच्या दुकानात गेले. पहिल्यांदाच. वीस वर्षं तेच माझ्याकडे आले. स्टूल पुसून दिलं. सुई थांबवली नाही.

म्हटलं, अर्शियाला रागावलात ते परत घ्या. चूक माझी होती. न वाचता सही केली.

दोरा ओढून गाठ मारली. “बाई, तिला सॉरी म्हटलं मी शनिवारी. तुमच्या फोननंतर. रडली. मी बी.” मग म्हणाले, “पण शनिवारी आणावंच लागंल. सॉरीवर खाट मिळत न्हाई.”

“शनिवारपर्यंत थांबा.”

“थांबतो. दुपारची गाडी धरतो, पाचला दारात असंन. तवर काही कागद आला तर ठीक. बोलण्यावर मी पोर ठिवणार न्हाई तिथं. तुमच्याही न्हाई, राग मानू नका.”

राग कसला मानायचा. मागे शेल्फवर माझ्या नोट्स, वीस वर्षांच्या, एकेक नमुना प्रत त्यांनी जपून ठेवलेली. हिरवे पुठ्ठे. माझ्या घरात नाहीत एवढ्या नीट.

अर्शियाची अम्मी पडद्याआडून एकदा बघून गेली. सलाम नाही. बरोबर आहे तिचं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

झोप उडाली ती पहाटे चारला. चहा घेऊन बसले. गिरीशला पत्र. चार कच्चे फाडले. पहिल्यात मी त्याला शिव्या घातल्या होत्या, दुसऱ्यात स्वतःला, तिसऱ्यात दोघांना, चौथा सिस्टरच्या इंग्रजीत गेला. पाचवा हा. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं स्वतः नेऊन देणार आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेणार. त्याची नक्कल इथं उतरवून ठेवते.

चि. गिरीश,

११ तारखेच्या हरकतींपैकी प्रश्न ६७ वरची कु. अर्शिया हिची हरकत मी नाकारली, ती न वाचता. ती वाचली असती तरी मला कळली नसती, कारण त्याच विषयावरचं पाकीट महिनाभर माझ्या कपाटात बंद होतं. यात तुझा दोष नाही. तुझा दोष हा की तुला कळल्यावरही तू ती सही ढालीसारखी पुढं धरलीस. ती सही मी या पत्रानं मागे घेते. ते विधान पुस्तकातलं नाही, माझ्या पदरचं आहे आणि चुकीचं आहे.

उत्तर दुरुस्त कर आणि नंबर नव्यानं लाव. अर्शियाची खाट तिच्याकडेच राहू दे. शीतलला त्यापायी बाहेर काढायचं नाही. तिनं तेच लिहिलं जे तू आणि मी तिच्याकडून घोकून घेतलं, आणि घोकल्याची शिक्षा पोरीला होणार असेल तर ती आधी घोकवणारीला व्हावी. एक्केचाळिसावी खाट कुठं मावेल ते मला विचारू नकोस. चार मजले आहेत. तुझ्या केबिनमधला सोफा मी स्वतः बघितला आहे.

दुरुस्ती होईपर्यंत माझं नाव आणि फोटो नोट्सवर नको. मंगळवारी मी येणार नाही. आले तर प्रत्येक हरकत वाचूनच उठेन, मग रात्रीची शेवटची गाडी चुकली तरी चालेल. ते तुला परवडेल का बघ.

तू उत्तर दिलं नाहीस तर अर्शियाची ती दोन पानं, आडव्या लिहिलेल्या माझ्या शेऱ्यासकट, मी तुझ्या निकालाच्या बोर्डावर निकालाशेजारी लावीन. लाज माझी जाईल. मी तयार आहे. तू आहेस का?

उत्तर तिघांना हवं: अर्शियाला तिच्या नावानं, तिच्या वडिलांना, आणि मला. कागदावर, तारीख घालून, क्लासच्या शिक्क्यासह. फोन नको. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी बरं म्हणते, हे काल दोघांनाही कळलं आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. तोवर मी हॉस्टेलच्या फाटकाशी बसलेली असेन.